बर्फवाली मुलगी

आरशात अक्षरं सरळ दिसत होती. मान वळवून मागच्या काचेकडे पाहिलं तर ती उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे चालत आलेली, पण समोरच्या बोटभर आरशात पाहिलं की नीट ओळीत — थॉर्नबी — आणि खाली, अर्धवट, कॉलेजच्या बोधचिन्हातल्या झाडाची एक फांदी. गाडीचं इंजिन नुसतंच गुरगुरत होतं, हीटर अजून गार हवाच फेकत होता, बाहेर सकाळ झाली तरी काळोख होता, आणि सिल्वी हातमोज्यांतले हात मांडीवर ठेवून त्या अक्षरांकडे पाहत बसली होती… जी तिथं नव्हती. म्हणजे स्टिकर नव्हता. रविवारी डॅडनं तो खरवडून काढला होता, अंगणात गुडघे टेकून, केस वाळवायचं मशीन लांब वायरीनं बाहेर आणून, एकेक अक्षर गरम करत, ब्लेडनं, वरून साबणाच्या पाण्यानं काच पुसली होती आणि आत येऊन हात धुताना म्हणाला होता, "झालं. लावलाच नव्हता समज." पण रात्री पारा उतरला की काचेवर दव गोठे, आणि जिथं स्टिकर होता तिथं ते वेगळं गोठे, जरा विरळ, जरा काळसर, आणि सकाळी नाव परत आलेलं असे.

"गोंद राहतो काचेला," डॅड म्हणाला होता. "डोळ्यांना दिसत नाही. थंडीला दिसतो."

हे शास्त्र झालं. शास्त्र दिवसाउजेडी ठीक असतं. सकाळच्या अंधारात, एकटीनं, आरशात पाहताना सिल्वीला वाटे की आपण काढून टाकलेलं कुणीतरी रात्रभर खपून परत लिहितंय.

डॅडचा अपशकुनावर विश्वास नव्हता, तिथंच सगळं चुकलं. ऑगस्टमध्ये दोन दिवस गाडी हाकून तो तिला पूर्वेला घेऊन गेला होता, कॉलेज दाखवायला. उलट्या चालीनं चालत माहिती सांगणाऱ्या कॉलेजच्या एका पोराच्या मागून सगळं आवार हिंडला, कुणाला काही विचारलं नाही, आणि शेवटी कॉलेजच्या दुकानात जाऊन एकच वस्तू विकत घेतली. हा स्टिकर. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सिल्वीनं अर्ज धाडला — लवकरचा अर्ज, 'घेतलंत तर नक्की येईन' असं आधीच लिहून देतात तो — आणि त्याच संध्याकाळी डॅड तो काचेवर चिकटवून मोकळा झाला. "अगं, लावायचाच आहे ना? मग आज काय आणि डिसेंबरात काय!" मॉम म्हणाली, "वेन, थांब जरा." तो कसला थांबतोय. आता या भागात गाडीच्या मागच्या काचेवर कॉलेजचं नाव म्हणजे घरातलं पोर तिथं लागलं, यात कुणाला शंकाच नसते. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला, शाळेला सुट्टी पडली, सगळं गाव बंदुका घेऊन रस्त्यावर, आणि जो तो त्यांच्या गाडीच्या मागून जाताना वाचत गेला. नाताळाच्या आधी निकाल यायचा होता. गावानं तो महिनाभर आधी लावून टाकला.

आणि निकाल आला तो असा, की हो नाही आणि नाहीही नाही. लांबणीवर. 'आपल्या अर्जाचा विचार मार्चमध्ये, इतरांच्या बरोबर, पुन्हा केला जाईल.' ज्यांना घेतात त्यांच्या स्क्रीनवर रंगीत कागदांचे तुकडे उधळले जातात, हे सिल्वीनं इतरांच्या व्हिडिओत पाहिलं होतं. ते उधळले नाहीत. मॉमनं फोन धरला होता, आनंद टिपायला. त्यामुळे तो व्हिडिओ अजून तिच्या फोनमध्ये आहे — स्वयंपाकघर, दोन माणसं, आणि एकेकाचा चेहरा, ज्याला आता काय करायचं ते कळत नाहीये…

काचेवरचा बर्फ काढायची खरवडणी घरातच राहिली होती. ती गाडी चालूच ठेवून मागच्या दारानं घरात गेली. दाराशी बूट, कोट, फावडं, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून उक्कीची पहार. उक्की म्हणजे डॅडचे वडील. फिनलंडच्या भाषेतले जे चार-दोन शब्द या घरात उरले होते त्यांतला हा एक, आणि तो ज्याच्यासाठी होता तो माणूस दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. तेव्हापासून पहारीला कुणी हात लावलेला नव्हता. खरवडणी उचलायला ती वाकली आणि तिला दिसलं की पहारीच्या टोकाखाली, फरशीवर, पाण्याचं थारोळं आहे. लहानसं. ती पाहत असतानाच टोकावरून एक थेंब गळला.

ती हात न लावता बाहेर आली. छत गळत असेल. असेल काय, गळतंच, मॉम कधीची म्हणतेय. मागची काच तिनं जोर लावून खरवडली, अक्षरांवरून दोनदा, आणि निघाली.

पेट्रोल पंपावर कॉफी घेताना गल्ल्यावरची बाई म्हणाली, "काय मग, पूर्वेकडची मॅडम! तिकडे गेल्यावर आम्हाला ओळख दाखव म्हणजे झालं."

"दाखवीन ना," सिल्वी म्हणाली. आणि हसली. हे हसू तिला हल्ली छान जमायला लागलं होतं. ते ओठांवर आलं की आपण जराशा बाजूला उभ्या राहून त्याच्याकडे पाहतो, असं तिच्या लक्षात आलं होतं. कारण… कुणीतरी पाहतंय. हे वेड कुठून सुरू झालं तेही तिला ठाऊक होतं. तिच्या मैत्रिणीनं, ब्रिननं, सांगितलं होतं की कॉलेजं मोजतात. त्यांची ईमेल तू उघडलीस का, किती वेळ उघडी ठेवलीस, दुवा दाबलास का, सगळं तिकडे कळतं, त्यावरून ओढ किती आहे ते ठरवतात. तेव्हापासून थॉर्नबीची प्रत्येक मेल ती उघडायची आणि फोन बेसिनपाशी उभा करून ठेवायची, दात घासून होईपर्यंत, म्हणजे सावकाश वाचतेय असं वाटेल. मग असं झालं की दातही ती जरा नीट घासायला लागली. मग अंथरूण. मग जेवताना ताठ बसणं. डॅडवर ओरडायला तोंड उघडलं की आतून कुणीतरी शांतपणे म्हणे, 'ही मुलगी दबावाखाली कशी वागते?' आणि ती तोंड मिटे. प्रवेश देणाऱ्या समितीत किती माणसं असतात? ती टेबलाभोवती बसतात की एकेकटी? तिच्या डोक्यातल्या टेबलाभोवती बसलेल्यांना चेहरे नव्हते, पण त्यांना रात्री झोपही नव्हती.

मिसेस पेल्कींच्या खोलीत नेहमीसारखा वेलदोड्याच्या पावाचा वास होता. शाळेत त्या एकट्याच सल्लागार. कुणाचं घर मोडलं तरी त्यांच्याकडे, कुणाला कॉलेज हवं असलं तरी त्यांच्याकडेच. त्यांनी पावाचा तुकडा कागदावर ठेवून तिच्यापुढे सरकवला.

"खा आधी. आणि तोंड असं करू नकोस, कुणी मेलेलं नाही. लांबणीवर म्हणजे दार लोटलंय, कडी घातलेली नाही."

"मग मी करायचं काय, मिसेस पेल्की?"

"तेच सांगतेय. पहिलं, एक जानेवारीच्या आत दुसरीकडे अर्ज. मला माहितीय तुला नकोयत, तरी करायचे. दुसरं, या सत्राचे मार्क आले की मी पाठवते. गणितात ढिली पडू नकोस. तिसरं, पत्र. एकच, एका पानाचं. 'अजून तुम्हीच माझी पहिली पसंती, घेतलंत तर येणार', आणि अर्ज केल्यापासून नवीन काय केलंस ते. रडायचं नाही, भांडायचं नाही, 'मला का नाही' असं तर अजिबात विचारायचं नाही. आणि भेटवस्तू पाठवायची नाही. मागे आपल्या एका दिवट्यानं बर्फात घालून ट्राउट पाठवला होता. मासा पोचला, पोरगा राहिला इथंच."

सिल्वी हसली. खरं हसू, निसटलेलं. आणि मग मिसेस पेल्की पुढे झुकल्या, आवाज उतरवून, गोड बातमी सांगताना उतरवतात तसा.

"मी काल फोन केला होता त्यांना. आपल्या विभागाचे अर्ज वाचणारी जी बाई आहे ना, तिला. नाव सांगितलं तर आठवेना. मग मी म्हटलं, अहो ती, तळ्यावरची… तर ती काय म्हणाली असेल? 'अय्या, बर्फवाली मुलगी!' अगं, पाठ होता तिला तुझा अर्जातला निबंध! म्हणाली, ती मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. आम्हाला तिच्याबद्दल अजून ऐकायचंय. कळलं? तेच लिही. या हिवाळ्यात बर्फ कसा धरलाय, रोज सकाळी काय ऐकतेस. आज संध्याकाळपर्यंत मला धाड, मी नजर टाकते. उद्यापासून सुट्टी."

"हो," सिल्वी म्हणाली. तिनं पावाचा आणखी एक तुकडा मोडला. वेलदोडा कडू लागतो कधीकधी.

बर्फवाली मुलगी.

ती कोण, हे जगात सिल्वीलाच माहीत होतं, आणि ती कुठंच नव्हती, हेही. निबंधातली मुलगी रोज पहाटे, शाळेच्या आधी, आजोबांची पहार घेऊन तळ्यावर जाते. काठापासून पावलागणिक पुढे पहार मारते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि कान देते. बर्फ किती जाड आहे ते ती आवाजावरून ओळखते. मासे धरायला येणाऱ्यांसाठी ती सुरक्षित वाट आखते, आणि मग त्याच आपल्या पावलांत पाय ठेवून परत येते. हे सगळं खरं होतं. फक्त हे करणारा उक्की होता. सिल्वी त्याच्याबरोबर गेली होती, चार वेळा, फार तर पाच. थंडीनं रडकुंडीला आली होती. पहार तिला उचलवत नव्हती. लिहायला बसली तेव्हा पहिल्या खर्ड्यात उक्कीच होता. पण शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सुंदर आहे, पण त्यांना आजोबांना प्रवेश द्यायचा नाहीये ना! तू कुठायस यात?" मग तिनं उक्कीला हळूच उचलून बाजूला ठेवलं आणि त्याच्या जागी एक मुलगी उभी केली. तिला त्याची पहार दिली, त्याचे कान दिले. खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलंच नाही. वाटलं, नीटनेटकं करतोय.

आणि आता ती तिकडे, हजार मैलांवर, एका बाईच्या डोक्यातून जात नव्हती. तिला ते घ्यायला तयार होते. माझं नाव त्यांना आठवत नाही, आणि ती पाठ आहे… मी तिची खुशाली कळवायची.

जेवणाच्या सुट्टीत ब्रिननं आपली खिमा-बटाटा भरलेली पेस्टी अर्धी मोडून तिच्या डब्यात टाकली. ब्रिनला घराजवळच्या सरकारी कॉलेजनं ऑक्टोबरातच हो म्हटलं होतं आणि त्याबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं, हे तिचं सुख.

"अगं, तो स्टिकर काढला म्हणालीस ना? सकाळी तुझ्या मागेच होते मी सिग्नलला. दिसत होता की चांगला."

"खरवडला मी. आज सकाळी. दोनदा."

"मग माझे डोळे फुटले असतील," ब्रिन म्हणाली. "पण मी वाचला. झाड पण होतं. आख्खं." मग तिचा चेहरा पाहून, "अगं ए, गंमत केली. झाड अर्धंच होतं."

यातलं कोणतं खरं, हे सिल्वीनं विचारलं नाही. ब्रिन खिडकीबाहेर पाहत चावत राहिली आणि म्हणाली, "तुला एक सांगू? तू तिकडे गेलीयस असंच वाटतं मला. कधीपासूनच. आत्ता बोलतेयस ना, तर ते लांबून बोलल्यासारखं."

"मूर्ख आहेस."

"ते आहेच."

घरी आली तेव्हा कुणी नव्हतं. मॉम दातांच्या दवाखान्यात कामाला, डॅड काउंटीच्या बर्फ हटवायच्या गाडीवर, प्लाऊवर. बर्फ पडलं की तो पहाटे चारलाच बाहेर पडे आणि रस्त्यांवरचं बर्फ लोटत संध्याकाळपर्यंत हिंडे. स्वयंपाकघरात शेगडीच्या दांडीवर त्याचे जुने हातमोजे वाळत टाकलेले होते, कडक झालेले, बोटं वाकलेली, कुणीतरी काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी. तिनं लॅपटॉप उघडला. 'प्रिय समिती' असं लिहिलं. मग लिहिलं, 'या वर्षी बर्फ उशिरा धरला.' हे खरं असावं. दुकानात लोक म्हणत होते. 'आज पहाटे मी काठापासून'… इथं ती थांबली. पुढचं वाक्य येत होतं, अडत नव्हतं, हीच भीती होती. वाक्यं भराभरा येत होती, थंड, स्वच्छ, एकामागून एक, आणि ती सिल्वीची नव्हती. त्या मुलीला सगळं माहीत होतं. आज बर्फ कसा वाजला, वारा कुठून होता, परतताना पूर्वेला कोणता रंग होता. सिल्वीची बोटं नुसती चालत होती आणि पान अर्धं झालं तेव्हा तिनं हात असे मागे ओढले जसे तव्यावरून ओढतात.

माझं काय उरलं मग? मी गाडी खरवडते. मी पंपावरच्या बाईला हसते. मी दात घासते.

तिला तिथं जायचं होतं, थॉर्नबीला. ही साधी गोष्ट इतक्या दिवसांत कुणाला नीट सांगता आली नव्हती. त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, ऑगस्टमधल्या त्या दुपारी, एका लांब टेबलाशी ती पाच मिनिटं बसली होती, डॅड खाली पार्किंगची चिंता करत असताना, आणि तिला रडू येईल इतकं बरं वाटलं होतं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणी पाहत नव्हतं. त्या टेबलासाठी ती काहीही करायला तयार होती. आणि ते टेबल आता दुसरीच पोरगी पटकावून बसणार होती, तिच्या नावानं, तिचे मार्क घेऊन… नाहीतर कुणीच नाही.

निदान एकदा जायचं. एकदा गेलं की एक वाक्य तरी खरं होईल. ती उठली, बूट चढवले, कोपऱ्यातली पहार उचलली. आता ती तिला पेलत होती. टोक कोरडं होतं, थारोळं वाळलं होतं, छताकडे तिनं पाहिलं तर तेही कोरडं होतं.

तळं घरामागच्या झाडांच्या पलीकडे, रस्त्याला लागून. सूर्य गेला होता पण उजेड रेंगाळत होता, निळा, बर्फातूनच वर येणारा. काठाशी ती थांबली. तळ्यावर पातळ, नवं बर्फ भुरभुरलेलं होतं आणि त्यावरून एक वाट गेली होती.

पावलांची. काठापासून सरळ आत, एकाच माणसाची. आणि प्रत्येक दोन पावलांनंतर, वाटेच्या दोन्ही अंगांना, बर्फात एकेक पांढरी चकती, पहारीच्या घावानं तडकते तशी. एकदा डावीकडे. एकदा उजवीकडे.

मान न हलवता तिनं डोळ्यांनीच वाट शेवटपर्यंत पाहिली. वाट तळ्याच्या मध्यापर्यंतही गेली नव्हती, तिथंच संपली होती. परत आलेलं पाऊल एकही नव्हतं. जे कोण गेलं ते गेलं होतं.

पळावंसं वाटलं. पळाली नाही, कारण पाय उचलत नव्हता. धीर बीर काही नव्हता त्यात. मग उक्कीचा आवाज आठवला, बोलताना तंबाखूची गोळी गालात सरकवणारा: "आपल्याच पावलांत पाय ठेवून परत यायचं, पोरी. ज्या बर्फानं जाताना तोललं, तो येताना तोलतो." म्हणजे परतीची पावलं याच ठशांत असणार. म्हणजे कुणी बुडालं नाही. हे कळलं तरी भीती कमी होईना, कारण दोनदा पहार मारायची ती रीत उक्कीची होती, गावात आणखी कुणाची नव्हती, आणि उक्की टेकडीवरच्या दफनभूमीत होता.

तिनं पहिल्या ठशात बूट ठेवला. ठसा तिच्या बुटापेक्षा मोठा होता. पण वाऱ्यानं कडा खचून ठसे मोठे होतात. दुसऱ्यात ठेवला. बर्फ गप्प होता. निबंधात तिनं लिहिलं होतं की तळं बोलतं, आणि ते तिला वाटलं होतं नुसतं लिहिण्यापुरतं. पण आता थंडी वाढायला लागली तशी पलीकडच्या काठाकडून एक आवाज निघाला, खोल, लांबलेला, कुणीतरी तळाशी जड फर्निचर ओढल्यासारखा, आणि तिच्या पायांखालून निघून मागे काठावर जाऊन संपला. ती उभी राहिली. बोटं पहारीवर इतकी आवळली होती की मोज्याच्या आत दुखायला लागली… आणि मोज्यांवरून तिला आठवलं. शेगडीवरचे. वाकलेली बोटं.

डॅड.

सप्टेंबरात निबंधाची छापील प्रत एकदा प्रिंटरवरच राहिली होती, आणि ती धावत आली तेव्हा तिथं नव्हती. दुसऱ्या दिवशी ती तिच्या टेबलावर होती, घडी घातलेली, आणि जेवताना डॅड एवढंच म्हणाला होता, "चांगलं लिहितेस गं." तिचं डोकं ताटात. तो पहाटे चारला जातो, मुलगी पहाटे कुठं जाते न जाते ते त्याला कळायचं कारण नाही. तेव्हा खपून गेलं, असंच तिनं धरलं होतं. आणि तो… त्यानं खरं मानलं? आपली पोरगी रोज अंधारात एकटी बर्फावर जाते, आपल्या बापाची पहार घेऊन, हे वाचून काही न बोलता तो कामाच्याही आधी उठून इथं येत होता, तिच्या आधी, तिच्यासाठी बर्फ तपासायला? तिला एकदम इतकं भरून आलं की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठायला लागलं.

पण मग, पुढच्याच पावलाला, दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा गार होता. तो रोज इथं येत असेल तर त्याला रोज दिसलं असणार. या बर्फावर त्याच्या आधीची, किंवा काल तो गेल्यानंतरची, दुसऱ्या कुणाची पावलं नव्हती. एकदाही नव्हती. म्हणजे त्याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे की ती निबंधातली मुलगी कुठंच नाही. तरी तो येतो, आणि तिच्या पायाखालची वाट आखतो, डावीकडे एक, उजवीकडे एक… कुणासाठी? बापाची रीत मोडू नये म्हणून? की कुणी विचारलंच, कुणी पूर्वेकडून पाहायला आलंच, तर ती असावी म्हणून? स्टिकरही त्यानं असाच लावला होता. आधी.

शेवटच्या चकत्यांपाशी ती पोचली. पुढे बर्फ नुसता पसरलेला होता, कोरा. वाक्य आलं नाही. तिनं वाट पाहिली. दुपारी कशी एकामागून एक येत होती. आता ती मुलगी काही सांगेना. टेबलाभोवतीची माणसंही उठून गेल्यासारखी वाटली, खुर्च्या तशाच टाकून.

तेवढ्यात बर्फावरून नारिंगी उजेड फिरून गेला. पुन्हा गेला. तिनं मागे पाहिलं. तळ्याकाठच्या रस्त्यावर काउंटीचा प्लाऊ उभा होता, पातं वर उचललेलं, टपावरचा दिवा गरगर फिरत असलेला. दर फेऱ्याला तिची सावली बर्फावर उमटे, पहारीसकट, लांबलचक, आणि विझे. आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं, पण त्या रस्त्यावर तो एकच माणूस प्लाऊ चालवतो. त्यानं हॉर्न दिला नाही. दार उघडलं नाही. नुसता थांबून पाहत होता.

तिला हात करायचा होता. 'डॅड, मी आहे' असं ओरडायचं होतं, पण तिनं तसं केलं नाही, कारण इतक्या लांबून, या उजेडात, तिथून काय दिसत असेल ते तिला इथून स्पष्ट दिसलं: तळ्यावर एक मुलगी उभी आहे, आजोबांची पहार घेऊन. तो हसत असेल का? की स्टिअरिंग धरून बसला असेल, जे नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं ते समोर उभं राहिलेलं पाहून, भीतीनं गार पडून?

हात वर झाला. पहारीसकट, सहज, रोजची सवय असल्यासारखा. तो तिनं वर केला असं तिला म्हणता आलं नसतं.

पलीकडून दिवे एकदा मिचकावले गेले.

मग ती कोऱ्या बर्फाकडे वळली आणि पहार मारली, डावीकडे. उजवीकडे. उक्कीनं शिकवलेलं सगळं आठवलं, भरीव वाजला तर काय आणि पोकळ वाजला तर काय. पण जो आवाज आला तो यांतला कुठला हे तिला कळेना, आणि मागे तो दिवा फिरतच होता, आणि सिल्वी मान कलती करून, श्वास धरून ऐकत राहिली. तोल सांभाळत, घाबरलेली, आणि कुणाला काय कळवायचं ते पार विसरून गेलेली.